चार माणसे, दोन माईक

आमच्या रस्त्यावर चष्म्याची तीन दुकाने आहेत. घाईत असलेली माणसे पहिल्या दोन दुकानांत जातात. तिसऱ्यात जायचे तर हाताशी निवांत सकाळ हवी. तिथला चष्मेवाला गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतो, त्याच्या नाकावर काचा बदलायची ती जड गोल फ्रेम चढवतो आणि एकामागून एक काच सरकवत एकाच शांत स्वरात विचारत राहतो, "हे बरं दिसतं, की हे?" चष्म्याच्या नंबरात पाव ही सर्वांत लहान पायरी. बाकीचे दोघे या पावाकडे खुशाल काणाडोळा करतात. हा त्यासाठी माणसाला अर्धा तास बसवून ठेवतो. म्हणून त्याचे नाव पाव नंबर. तोंडावर म्हटले तरी त्याला राग येत नाही. ती थट्टा आहे हे त्याला कळते, पण तिच्यात थोडी स्तुतीही मिसळलेली आहे, असे त्याने स्वतःपुरते ठरवून टाकले आहे.

दुकानात शोभणारा हा गुण घरात नेला की त्याचे काय होते, ते त्याच्या बायकोकडून ऐकावे. "उन्हाळ्यात पंखा घ्यायचा ठरला," ती सांगते. "ह्यांनी अकरा पंखे बघितले. वारा किती लांब जातो ते बघायला दुकानात मेणबत्ती नेली होती, मेणबत्ती! पंखा घरी आला तेव्हा मी स्वेटर घालून दार उघडलं."

अशा माणसावर त्याच्या बँडने रेकॉर्डिंगचे सामान निवडण्याची जबाबदारी टाकली होती.

बँड म्हणजे चार माणसे. पाव नंबर गिटार वाजवतो. पलीकडच्या चौकातला बेकरीवाला एका लहानशा ड्रमवर तारांचे ब्रश फिरवतो. तो पहाटे तीनपासून भट्टीसमोर उभा असल्यामुळे वाजवताना त्याचे डोळे मिटलेले असतात, आणि ती तल्लीनता आहे की झोप, हे सात वर्षांत कुणालाही नक्की सांगता आलेले नाही. बेस वाजवतो लिफ्टवाला. तो इमारतींच्या लिफ्टची देखभाल करतो, आणि जगातल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयी त्याचे एक ठाम मत असते. चौथ्या वहिनी. त्या पाव नंबरच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी एकट्या त्याच्या. पण बँडमधले सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. त्या पार्सल खात्याच्या काउंटरवर काम करतात आणि बँडसाठी गातात. गाण्यांचे शब्दही त्यांचेच. पार्सलचे फॉर्म भरताना खराब झाले की त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या ते लिहितात. शेजाऱ्याने नेलेल्या आणि परत न आणलेल्या शिडीवर त्यांचे एक गाणे आहे, ते ऐकताना माणूस आधी हसतो आणि शेवटी गप्प होतो.

सराव रविवारी, दुकान बंद असताना, डोळे तपासायच्या खोलीत. ती खोली लांबलचक आणि अरुंद आहे. एका टोकाला गिऱ्हाइकाची खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता आणि एक बेसिन.

शहरातल्या वाचनालयाचे सभागृह दर वर्षी काही नव्या बँडना एका संध्याकाळसाठी रंगमंच देते. त्यासाठी तीन गाणी रेकॉर्ड करून पाठवावी लागतात. पहिल्या वर्षी यांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवले. फोन दुकानातल्या काचेच्या फळीवर ठेवला होता. सभागृहाकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले, त्यात ब्रशच्या कामाची तारीफ होती आणि शेवटी विचारले होते, की या बँडमध्ये गाणारे कुणी आहे काय. दुसऱ्या वर्षी पाव नंबरने ठरवले की आता नीट सामान घेऊनच पाठवायचे. सामान निवडण्यात मुदत निघून गेली.

यंदा मुदतीला पाच रविवार उरले असताना वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि बाटलीचे झाकण लावता लावता सांगितले, "भावोजी, हे शेवटचं हं. यंदा तिथे माझा आवाज पोचला नाही, तर मी गाणं थांबवणार. दिवसभर काउंटरवर परत आलेली पार्सलं बघते. रविवारी स्वतःच पार्सल व्हायची हौस नाही मला."

लिफ्टवाल्याने हसून बघितले. वहिनी हसत नव्हत्या. त्यांनी पिशवी उचलली आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांना "येते" म्हणून निघून गेल्या.

त्या रविवारी बेकरीवाल्याचेही डोळे उघडे होते.

*

सामानाच्या दुकानात एक बाई बसतात. पन्नाशीच्या, कपाळावर भिंग सरकवलेल्या, हातात कायम डाग द्यायची तापलेली कांडी. तुटलेल्या वायरी जोडता जोडता त्या गिऱ्हाइकाशी बोलतात, आणि गिऱ्हाईक निर्बुद्ध प्रश्न विचारू लागले की कांडीचा धूर जरा जास्त निघतो. पाव नंबरला त्या गेल्या वर्षापासून ओळखत होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "वही आणलीत?"

वही आणली होती. तिच्यात रकाने होते. गेल्या वर्षीचे रकाने आणि त्यांच्या शेजारी यंदाचे.

पेच असा होता. माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेण्यासाठी मध्ये एक डबी लागते. तिला सगळे साउंडकार्ड म्हणतात. बँडच्या ऐपतीत दोन गोष्टी बसत होत्या. चार माईक लागतील अशी डबी घेतली, तर माईक अगदी साधे घ्यावे लागणार. दोन माईकची डबी घेतली, तर दोनच माईक, पण बरे. बाई गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या की दोन बरे घ्या. पण बाईंना बँड ठाऊक नव्हता. चौघांनी सारखी वर्गणी काढली होती, आणि वर्गणी सारखी असली की माणसाला माईकही स्वतःचा हवासा वाटतो.

"समान वर्गणी, समान माईक," लिफ्टवाला म्हणाला होता. "नाहीतर कुणाचा तरी आवाज दुसऱ्याच्या माईकवर फुकट जाणार. लिफ्टमध्ये चार माणसं आणि दोनच बटणं, असं चालेल का?"

"लिफ्टमध्ये चौघांना एकच बटण पुरतं," बेकरीवाला डोळे न उघडता म्हणाला. "सगळे खालीच जातात."

पाव नंबरने यावर आपला धंद्यातला उपाय काढला. बाईंच्या परवानगीने त्याने एका दुपारी वहिनींनाच दुकानात आणले. त्यांच्यासमोर एकेक माईक ठेवायचा, त्यांनी तीच ओळ गायची, आणि नंतर बाकीच्यांनी हेडफोन लावून ऐकायचे. हे बरे, की हे? लिफ्टवाल्यापाठोपाठ बेकरीवालाही आला होता. त्याने प्रत्येक जोडीत "दुसरा" असे उत्तर दिले. तीन जोड्या झाल्यावर पाव नंबरने संशयाने क्रम उलटा केला. तरीही "दुसरा"च.

"अरे, आत्ता जो दुसरा होता तो मघाशी पहिला होता."

"पहिला लागतो तेव्हा मला डुलकी लागते," बेकरीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले. "दुसऱ्याला जाग येते. मग तोच बरा म्हणायचा ना?"

बाईंच्या कांडीचा धूर वाढला.

साध्या चार माईकांचा प्रश्न मात्र पहिल्याच तासात निकालात निघाला. त्यांत वहिनींचा आवाज बंद पाकिटातून आल्यासारखा येत होता, आणि हे लिफ्टवाल्यालाही, आपल्या हक्काच्या माईकचे दुःख गिळून, कबूल करावे लागले. राहिले दोन बरे माईक. पण बरे माईकही दुकानात दोन जातींचे होते, एक थोडा स्वस्त आणि एक थोडा महाग. पाव नंबरने हेडफोन लावले. पहिला ऐकला. दुसरा ऐकला. पुन्हा पहिला. वहिनींना ती ओळ नवव्यांदा गावी लागली. दुकानात केबल घ्यायला आलेल्या एका गृहस्थाला ती ओळ पाठ झाली आणि तो गुणगुणत बाहेर पडला.

शेवटी पाव नंबरने हेडफोन काढले. त्याचा चेहरा पडला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"फरकच कळत नाही. दोन्ही सारखेच वाटतात."

"मग?"

"मग म्हणजे आणखी ऐकायला हवं. उद्या सकाळी, कान ताजे असताना..."

"भावोजी," वहिनी स्टुलावरून उठल्या, "तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस असं म्हणाला, की दोन्ही सारखंच दिसतं, तर तुम्ही काय करता?"

धंद्यातला प्रश्न आला की पाव नंबर नेहमी खरे बोलतो. "ती तपासणीच तशी असते," तो म्हणाला. "शेवटी दोन काचा उलटसुलट दाखवतात. एक बरी दिसतेय तोवर नंबर सापडलेला नसतो. दोन्ही सारख्या दिसल्या, की सापडला."

"मग काय करता?"

"थांबतो."

"मग थांबा."

बाईंनी कांडी स्टँडवर ठेवली. "स्वस्तातले दोन बांधू?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता खोके काढले. दोन माईक, दोन माईकांची डबी, दोन स्टँड, एक हेडफोन आणि तीन केबल. एवढ्यात वर्गणी संपली. हिशेबाला वहीची गरज पडली नाही, याचे पाव नंबरला घरी जाईपर्यंत वाईट वाटत होते.

*

आता चार रविवार होते. पहिला रविवार कॉम्प्युटरने खाल्ला. बिले करायचा तो जुना कॉम्प्युटर चालू केला की त्याचा पंखा असा घरघरे, की जणू पाचवा वादक आला आहे आणि त्याला एकच सूर येतो. तो बाहेर, दुकानाच्या भागात नेला, केबल दाराखालून आत घेतली. मग कळले की आरशांवरून आवाज परत येतो. चष्म्याच्या दुकानात माणसाला स्वतःचे तोंड चारी बाजूंनी बघता यायला हवे, म्हणून पाव नंबरने तपासायच्या खोलीतही आरसे लावले होते. ते झाकायला घरून रजया आणल्या.

"चांगल्या रजया आहेत त्या," बायको म्हणाली.

"म्हणून तर आणल्या. जाड आहेत."

"पंखा घेताना मेणबत्ती नेलीत, आता गाण्यासाठी रजया. एखाद्या दिवशी मलाच न्याल कशालातरी."

"तू ये ना. माणूस असला की आवाज कमी घुमतो."

"म्हणजे उशी म्हणून येऊ?" ती म्हणाली, पण आली, आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. पुढचे सगळे रविवार ती तिथेच होती.

दुसऱ्या रविवारी लिफ्टवाल्याने सूत्रे हातात घेतली. दोन माईक आहेत ना, मग सगळी दुनिया करते तसे एकेकाचे रेकॉर्ड करू. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार, शेवटी वहिनी. प्रत्येकाला माईक स्वतःचा मिळेल. एकाच वेळी मिळणार नाही, एवढेच. ताल सुटू नये म्हणून हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक लावायची. यात अन्याय कुणावर नव्हता, आणि लिफ्टवाला बऱ्याच दिवसांनी प्रसन्न दिसत होता.

बेकरीवाल्याने हेडफोन चढवले आणि शिडीचे गाणे सुरू केले. टिकटिकीशी त्याचे ब्रश तंतोतंत जुळत होते. पीठ मळायच्या मशीनशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला ठोका नवा नव्हता. दोन कडवी झाली. शेवटच्या ओळीपाशी तो एकाएकी थांबला.

"काय झालं?"

"इथे मी किती थांबू?"

"कुठे?"

"शेवटच्या ओळीच्या आधी. तिथे थांबायचं असतं ना."

"वहिनी थांबतात तेवढं थांब," लिफ्टवाला म्हणाला.

"वहिनी किती थांबतात?"

लिफ्टवाल्याने पाव नंबरकडे पाहिले. पाव नंबरने वहिनींकडे पाहिले.

"मी थांबते?" वहिनींनी विचारले.

सात वर्षे ही माणसे ते गाणे वाजवत होती. वहिनी शेवटच्या ओळीआधी थांबत, हे वहिनी सोडून सर्वांना माहीत होते. आणि त्या किती थांबत, हे कुणालाच माहीत नव्हते.

"मग इतकी वर्षं तू बरोबर कसा येतोस?" लिफ्टवाल्याने बेकरीवाल्याला विचारले.

"त्यांचा डावा खांदा खाली येतो. तो आला की मी मारतो."

"म्हणजे तुझे डोळे उघडे असतात?"

"तेवढ्यापुरते उघडतो."

लिफ्टवाल्याने फोनवरचे घड्याळ काढले आणि वहिनींना सहा वेळा गायला लावले. सहा वेळा थांबणे सहा लांबीचे निघाले. आपल्या खांद्याकडे सगळे टक लावून बघताहेत म्हटल्यावर सातव्या वेळी वहिनी थांबल्याच नाहीत, आणि चौघेही चार ठिकाणी जाऊन पडले.

"टिकटिक बंद करा," पाव नंबर म्हणाला. "सगळे एकदम वाजवू."

"आणि माईक?"

"एक वहिनींना. दुसरा आपल्या तिघांत."

"तिघांत एक!" लिफ्टवाल्याने कपाळाला हात लावला. "मी आधीच म्हणालो होतो."

पण खरे काम आता सुरू झाले, आणि ते त्या लांब, अरुंद खोलीत पाव नंबरशिवाय कुणाला जमले नसते. एका माईकवर तीन वाद्ये घ्यायची तर कोण किती लांब बसतो यावरच सारे ठरते. जवळचा मोठा, लांबचा लहान. त्याने खडू घेतला. बेसच्या स्पीकरचा डबा रजईकडे तोंड करून ठेवला. बेकरीवाल्याला वीतभर पुढे घेतले. वाजवले, ऐकले. "हे बरं, की मघाचं?" अर्धी वीत मागे. वाजवले, ऐकले. लिफ्टवाल्याची खुर्ची दाराकडे गेली, परत आली, तिरकी झाली. दुकानात लोकांना कंटाळा आणणारा तो शांत स्वर इथे प्रत्येकाला एकेक जागा मिळवून देत होता, आणि तिसऱ्या रविवारच्या संध्याकाळपर्यंत ड्रम ड्रमसारखा आणि बेस बेससारखा ऐकू येऊ लागला होता.

गिटारचे मात्र काही केल्या जमेना. तिच्या तारा लोखंडी आणि वाजवणाऱ्याचा हात जड. तो बसेल तिथून ती सगळ्यांच्या वर चढून बसे. पाव नंबर मागे सरकला. आणखी मागे. प्रत्येक वेळी बाहेर जाऊन ऐकून येई, खडूची खूण पुसे, हातभर मागे नवी करी. शेवटी त्याची पाठ अक्षरांच्या तक्त्याला टेकली. एका बाजूला बेसिन होते.

"आता ऐकून या," वहिनी म्हणाल्या.

तो ऐकून आला. "आता बरं आहे," तो म्हणाला.

"आणि गिटार?"

"आहे."

"ऐकू येते का?"

"लक्ष देऊन ऐकलं तर येते."

दाराशी बसलेली बायको त्याच्याकडे पाहत होती. सामान निवडणारा, खोली सजवणारा आणि खडूने सर्वांच्या जागा आखणारा माणूस बेसिनशेजारी बसला होता. तिने जिभेवर आलेले काहीतरी परत गिळले. ही गोष्ट तिच्या बाबतीत क्वचित घडते.

*

चौथा रविवार मुदतीचाच होता. संध्याकाळी पाचपर्यंत गाणी पाठवायची होती. बेकरीवाल्याने त्या दिवशी भट्टी भावावर सोपवली होती आणि तो चक्क झोप काढून आला होता; झोप झालेला बेकरीवाला कुणी पूर्वी पाहिलेला नव्हता आणि तो इतका बोलत होता की लिफ्टवाल्याने त्याला झोपायची विनंती केली. दुपारपर्यंत दोन गाणी झाली. मग शिडीचे गाणे. वहिनी गायल्या, शेवटच्या ओळीआधी थांबल्या, खांदा खाली आला, ब्रश पडला, आणि "शिडी राहू दे, तू तरी ये" ही ओळ अशी आली की गाणे संपल्यावर कुणी लगेच हलले नाही.

"झालं," पाव नंबर तक्त्याखालून म्हणाला.

वहिनींनी आजवर स्वतःचे रेकॉर्डिंग कधी ऐकले नव्हते. पहिल्या वर्षी त्यांचा आवाज आलाच नव्हता, आणि या चार आठवड्यांत हेडफोन पुढे केला की त्या म्हणत, "नको बाई, ऐकलं आणि वाईट निघालं तर पुढचं गाऊ कशी?" आता तिन्ही गाणी झाली होती. पाव नंबरने हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.

उभ्या होत्या त्या खुर्चीवर बसल्या. पूर्ण गाणे होईपर्यंत त्यांनी कुणाकडे पाहिले नाही.

"ही मी आहे?"

"मग कोण?"

"अशी गाते मी?" त्यांनी पुन्हा ऐकले. मग त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली. पार्सलवरचा पत्ता अर्धवट असला की ती तशी उमटते. "शेवटच्या ओळीत खाली आलेय."

"कुठे?"

"'तरी'वर. किंचित. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले. या वेळी 'तरी' जागेवर होता, पण वहिनी 'तरी'चीच वाट बघत गात असल्यामुळे बाकीची ओळ हरवली होती. पुन्हा घेतले. सहाव्यांदा लिफ्टवाल्याची बोटे दुखू लागली. सातव्यांदा बेकरीवाल्याचे डोळे मिटले, आणि या वेळी ती तल्लीनता नव्हती. घड्याळात चार वाजून गेले.

"वहिनी," पाव नंबर गिटार बेसिनवर ठेवून पुढे आला, "पहिलंच चांगलं आहे. ते पाठवू."

"त्यात सूर खाली आहे."

"किती खाली असेल?"

"असेल पाव."

"पावानं काय होतंय?"

हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडले आणि त्यालाच ऐकू आले. लिफ्टवाल्याने बेस खाली ठेवला. बेकरीवाल्याने एक डोळा उघडला. दाराशी बसलेल्या बायकोने हात जोडून छताकडे पाहिले.

"परत म्हणा," ती म्हणाली. "मी माईक चालू करते."

पाव नंबर लाल झाला, पण मागे हटला नाही. "पहिल्यात तुम्ही कुणालातरी बोलावताय," तो वहिनींना म्हणाला. "नंतरच्या सहांत तुम्ही सूर लावताय. मला फरक कळतोय. सारखे वाटत नाहीत."

वहिनींनी बाटली उघडून दोन घोट घेतले. "पाठवा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण मला पटलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

पाचला वीस मिनिटे असताना गाणी गेली.

*

निकाल पाच आठवड्यांनी येणार होता. मधले सगळे रविवार वहिनी आल्या नाहीत. कधी काम आहे म्हणाल्या, कधी पाहुणे. पाव नंबर दुकानात होता तसाच होता. फक्त एकदा त्याने एका माणसाला दहा मिनिटांत मोकळे केले, तेव्हा तो माणूस काळजीत पडून दुसऱ्या दुकानात पुन्हा तपासून आला. नंबर बरोबर निघाला.

निकाल वाईट आला तर वहिनींना काय सांगायचे, याची पाव नंबरने तयारी केली होती. समजुतीची तीन वेगवेगळी भाषणे त्याने मनात रचली आणि त्यांतले कुठले बरे हे ठरत नव्हते. मंगळवारी दुपारी फोन वाजला तेव्हा खुर्चीत एक बाई होत्या, डोळ्यांवर जड फ्रेम, एक डोळा झाकलेला. फोनवर वहिनी होत्या. मागून पार्सल खात्यातला गलका ऐकू येत होता.

"भावोजी, निरोप आलाय. नाही घेतलं."

पाव नंबरने पहिले भाषण निवडले. "वहिनी, हे बघा..."

"सहा घेतलेत. आपण सातवे. लिहिलंय की आवाज स्वच्छ पोचला, शब्द कळले, शिडीचं गाणं त्यांनी दोनदा ऐकलं. ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि दुसरे भाषण शोधू लागला.

"तो 'तरी' खाली होता. मी सांगत होते तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात पावानं काय होतंय."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. पाठवलंत ते बरोबर पाठवलंत. पण ते गाणं मला तसं राहू द्यायचं नाही. गेले पाच आठवडे इथं बसून मी तेच बघतेय डोक्यात. सूर 'तरी'वर धरायचाच नाही. आधीच्या 'तू'वर जरा टेकायचं, मग 'तरी' आपोआप येतो. रविवारी येते मी नऊला. सगळ्यांना सांगा. आणि तुम्ही त्या बेसिनजवळून दोन हात पुढे बसा, ऐकू येत नाही तुमचं काही."

"बसतो," पाव नंबर म्हणाला. तिन्ही भाषणे वाया गेली होती. "पण 'तू'वर टेकायचं म्हणजे नक्की कसं?"

"थांबा, दाखवते."

"आत्ता?"

फोनमधला गलका तसाच होता. कुणीतरी शिक्का मारत होते, कुणीतरी वजन विचारत होते. मग त्या सगळ्याच्या वर, काउंटरच्या काचेआडून, भर दुपारी वहिनींचा आवाज उठला. शिक्का थांबला. फोनमध्ये एक माणूस जरा दबकत म्हणाला, "ताई, माझं पार्सल..."

"थांबा हो," वहिनी त्याला म्हणाल्या. "एक ओळ राहिलीय."